कॉम्प्रेशन रेशो आणि गेजवरचं कॉम्प्रेशन: फरक कसा समजायचा, मोजणी कशी करायची

गॅरेजमध्ये ‘कॉम्प्रेशन’ हा एकच शब्द दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो, आणि चुकीचं निदान बहुतेक वेळा इथूनच सुरू होतं. माहितीपत्रकात छापलेला ९.५:१ हा आकडा म्हणजे कॉम्प्रेशन रेशो: पिस्टन तळाला असताना वर असलेली एकूण जागा, पिस्टन पूर्ण वर असताना उरणाऱ्या जागेच्या किती पट आहे ते. प्लगच्या भोकात गेज लावून सेल्फ मारला की काटा जिथे थांबतो तो क्रँकिंग प्रेशर. पहिला आकडा मापपट्टीचा आणि मापनळीचा आहे. इंजिन बंद असो, चालू असो, रिंगा गेलेल्या असोत, तो बदलत नाही. दुसरा आकडा त्या दिवशी, त्या बॅटरीवर, त्या उंचीवर, त्या व्हॉल्वच्या टायमिंगने हवा किती दाबली गेली आणि किती निसटली ते सांगतो. म्हणून “कॉम्प्रेशन कमी झालंय, हेड फेस मारून घ्या” असा सल्ला मिळाला तर आधी विचारायचं: कोणतं कॉम्प्रेशन?

रेशोचा हिशेब

जुन्या रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५०चं इंजिन घेऊ. बोअर (सिलिंडरचा व्यास) ७० मिमी, स्ट्रोक (पिस्टनचा तळापासून वरपर्यंतचा प्रवास) ९० मिमी, रेशो ८.५:१.

बोअरचं क्षेत्रफळ: ०.७८५४ × ७ × ७ = ३८.४८ चौ. सेंमी. त्याला ९ सेंमी स्ट्रोकने गुणलं की ३४६.४ सीसी. ही पिस्टनने झाडलेली जागा. पिस्टन पूर्ण वर असताना उरणारी जागा काढायची तर झाडलेली जागा भागिले (रेशो वजा १): ३४६.४ ÷ ७.५ = ४६.२ सीसी. हेडची पोकळी, गॅस्केटची जाडी, पिस्टनचा माथा आणि सिलिंडरच्या कडेपर्यंत राहिलेलं अंतर, सगळं मिळून या ४६.२ सीसीत येतं. २०२१ साली आलेल्या नव्या क्लासिकमध्ये ७२ × ८५.८ मिमी आणि ९.५:१ आहे. तिथे ही उरलेली जागा ४१ सीसीच्या आसपास येते.

एवढ्या हिशेबावरून गॅरेजमधल्या एका नेहमीच्या समजाची तपासणी होते. बोअर मारून ०.५० ओव्हरसाइज पिस्टन टाकला, म्हणजे बोअर ७०.५ मिमी झाला, तर रेशो ८.५ वरून जेमतेम ८.६ होतो. बोअर मारल्यावर गाडीला जी ओढ येते ती रेशो वाढल्यामुळे येत नाही. नव्या रिंगा हवा धरतात म्हणून येते.

झीज रेशोला हात लावत नाही, कार्बन मात्र लावतो. लहान इंजिनात हे फार पटकन जाणवतं. ५० × ४९.५ मिमीचं ९७.२ सीसी इंजिन घ्या आणि रेशो ९.९ धरा. उरलेली जागा फक्त १०.९ सीसी. हेडमध्ये आणि पिस्टनवर मिळून १ सीसी कार्बन साचला तरी रेशो १०.८ पर्यंत जातो. चढावर इंजिनातून ठोकल्यासारखा आवाज (नॉकिंग) यायला लागला आणि गेज नेहमीपेक्षा जास्त दाखवत असेल, तर आधी हाच संशय घ्यावा.

काट्याला १४.७ ने भागू नका

समुद्रसपाटीला हवेचा दाब १४.७ पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच). म्हणून “१५० पीएसआय आलं, भागिले १४.७, म्हणजे रेशो १०.२” असा हिशेब सर्रास केला जातो. तो दोन ठिकाणी चुकतो.

पहिली चूक तापमानाची. हवा वेगाने दाबली की तापते आणि तापलेली हवा जास्त दाब देते. त्यामुळे दाब रेशोच्या पटीत वाढत नाही, रेशोच्या घातात वाढतो. हवेची उष्णता अजिबात बाहेर गेली नाही तर तो घात १.४ असतो. सेल्फच्या मंद गतीला थंड भिंती उष्णता ओढून घेतात आणि थोडी हवा रिंगांमधून निसटते, त्यामुळे प्रत्यक्षात तो १.२ ते १.३ च्या दरम्यान धरावा लागतो. शिवाय गेज वातावरणाच्या वरचा दाब दाखवतो, त्यामुळे शेवटी १४.७ वजा करायचे असतात.

दुसरी चूक मोठी आहे. पिस्टन तळातून वर निघाला म्हणजे लगेच हवा दाबायला लागला असं होत नाही. इनटेक व्हॉल्व तेव्हा उघडाच असतो आणि तळ ओलांडून क्रँक बराच फिरल्यावर बंद होतो. तोपर्यंत मंद गतीला सिलिंडरमधली हवा आल्या वाटेने परत जाते. खरी दाबण्याची क्रिया व्हॉल्व टेकल्यावर सुरू होते.

वरच्याच ३५० इंजिनाच्या मापांवर हे करून पाहू. कनेक्टिंग रॉड १६२ मिमी धरला आहे, घात १.२ घेतला आहे आणि डिकॉम्प्रेसर (सुरू करताना दाब मुद्दाम सोडणारी यंत्रणा) नाही असं मानलं आहे.

व्हॉल्व तळानंतर ३५ अंशांवर बंद झाला तर पिस्टनला ९० पैकी ८३.९ मिमी अंतर उरतं. परिणामी रेशो ८.०, दाब सुमारे १६३ पीएसआय.

५० अंशांवर बंद झाला तर ७७.६ मिमी उरतं. रेशो ७.५, दाब सुमारे १४९.

६५ अंशांवर बंद झाला तर ६९.२ मिमी उरतं. रेशो ६.८, दाब सुमारे १३१.

हेड तेच, पिस्टन तोच, कागदावरचा रेशो तिन्ही वेळा ८.५. फक्त कॅम (व्हॉल्व कधी उघडायचा-मिटायचा ते ठरवणारा भाग) बदलला आणि काटा ३० पीएसआयने हलला. टायमिंग चेन एक दात सरकली किंवा रेसिंगचा कॅम टाकला की कॉम्प्रेशन ‘जातं’, ते याचमुळे. अशा इंजिनात रिंगा बदलून काही मिळत नाही. रेसिंग कॅमचं इंजिन सेल्फवर कमी दाखवतं, पण वरच्या आरपीएमला आत येणाऱ्या हवेचा वेग तिला मागे फिरू देत नाही, सिलिंडर नीट भरतो आणि तिथे ताकद मिळते. गेजला हे दिसणं शक्यच नाही.

याच तत्त्वाचं मुद्दाम केलेलं रूप टोयोटाच्या जुन्या प्रियस या हायब्रिड कारमध्ये होतं. तिच्या १.५ लिटर इंजिनाचा रेशो १३:१ होता, पण इनटेक व्हॉल्व फार उशिरा बंद व्हायचा. हवा कमी दाबली जाते आणि जळलेला वायू मात्र पूर्ण स्ट्रोकभर पसरतो. नुसता १३ हा आकडा पाहून अशा इंजिनाकडून २५० पीएसआयची अपेक्षा ठेवली तर चांगलं इंजिन उगाच खोललं जाईल.

रीडिंग घेताना

इंजिन गरम हवं. पाच-सात किलोमीटर फिरवून आणावं, मग प्लग काढावा. ॲल्युमिनियमच्या हेडमधून अगदी तापलेला प्लग काढला तर आटे ओढले जातात, म्हणून हात लावता येईल इतपत निवू द्यावं. प्लगच्या खड्ड्यातली माती आधी हवेने उडवावी, नाहीतर ती थेट बोअरमध्ये जाते. एकापेक्षा जास्त सिलिंडर असतील तर सगळे प्लग काढायचे. एकच काढला तर बाकीचे सिलिंडर सेल्फला अडवतात आणि गती पडते.

इग्निशन आणि पेट्रोल दोन्ही बंद करावं. इंजेक्शनच्या गाडीत फ्युएल पंपाचा फ्यूज काढायचा आणि कॉइलचे सॉकेट सोडायचे. कॉइल तशीच लोंबती ठेवून सेल्फ मारला तर ती जळू शकते, आणि प्लगच्या भोकातून बाहेर पडणारी वाफ पेटूही शकते.

थ्रॉटल पूर्ण उघडा. ही पायरी सर्वात जास्त विसरली जाते. थ्रॉटल बंद असेल तर सिलिंडरला हवाच मिळत नाही आणि धडधाकट इंजिन आजारी दिसतं. कार्ब्युरेटरच्या गाडीत चोकही उघडा आहे ना ते पाहावं.

बॅटरी पूर्ण चार्ज हवी. क्रँक साधारण २०० आरपीएमच्या खाली फिरत असेल तर रीडिंगवर विश्वास ठेवू नये. दर स्ट्रोकला निसटायला हवेला जास्त वेळ मिळतो. किकच्या गाडीत पूर्ण वजनाने सलग किका मारायच्या, एक मारून दम खायचा नाही.

काटा वर चढायचा थांबेपर्यंत फिरवा, साधारण सहा ते आठ स्ट्रोक. पहिल्या स्ट्रोकला काटा कुठे गेला तोही लिहून ठेवा. तो आकडा पुढे उपयोगी पडतो. प्रत्येक सिलिंडरची मोजणी दोनदा घ्यावी आणि स्ट्रोकची संख्या सगळीकडे सारखी ठेवावी.

आता गेजबद्दल, कारण लहान बाइकवर बहुतेक गोंधळ गेजच करतो. गेजच्या नळीत हवा परत जाऊ न देणारा छोटा व्हॉल्व असतो, टायरच्या व्हॉल्वसारखाच. तो प्लगकडच्या टोकाला असायला हवा. घड्याळाकडच्या टोकाला असेल तर अख्खी नळी सिलिंडरच्या उरलेल्या जागेत मिळते. ४ मिमी भोकाची ४० सेंमी नळी म्हणजे ५ सीसी. ३५० इंजिनात हे खपून जातं. ९७ सीसी इंजिनात १०.९ च्या जागी १५.९ सीसी होतात आणि ९.९ चा रेशो मोजणीपुरता ७.१ होऊन बसतो. त्या गेजने शंभर सीसीची प्रत्येक गाडी खराब ठरेल. खरेदी करताना नळीच्या टोकात डोकावून पाहावं, पिन दिसली पाहिजे. पिन जुनी झाली की गळते, ती बदलावी, पण टायरची साधी पिन टाकू नये. तिची स्प्रिंग कडक असते, त्यामुळे रीडिंग कमी येतं, आणि रबर उष्णतेला टिकत नाही.

ॲडॉप्टरचे आटे प्लगच्याच मापाचे हवेत. लहान बाइकना बहुधा १० किंवा १२ मिमी, जुन्या गाड्यांना आणि बऱ्याच कारना १४ मिमी. आट्याची लांबी प्लगपेक्षा जास्त असेल तर पिस्टन त्यावर आदळू शकतो. हाताने पूर्ण बसवून इंजिन एकदा सावकाश फिरवून पाहावं.

उंचीचा हिशेब

समुद्रकिनारी १५० पीएसआय देणारं इंजिन पुण्यात, म्हणजे सुमारे ५६० मीटरवर, १४० च्या आसपास देतं. महाबळेश्वरला १२७, आणि लेहला ३५०० मीटरवर ९७. इंजिनात काहीही बिघडलेलं नसतं. मॅन्युअलमधला आकडा समुद्रसपाटीचा असेल तर पुण्यातल्या गॅरेजने सात टक्के सूट देऊनच निर्णय घ्यावा.

एककांचाही घोळ होतो. मिस्त्री ‘दहा किलो’ म्हणतात ते किलो प्रति चौरस सेंटिमीटर. १ किलो म्हणजे १४.२ पीएसआय, १ बार म्हणजे १४.५.

आकडा काय सांगतो

मॅन्युअलमध्ये क्रँकिंग प्रेशर दिलेलं असेल तर तेच प्रमाण मानावं. रेशोवरून स्वतः काढलेला आकडा फक्त अंदाजासाठी. मल्टिसिलिंडर इंजिनात एकूण आकड्यापेक्षा सिलिंडरमधला फरक जास्त बोलका असतो. चारही १४० असतील तर निश्चिंत राहा. तीन १६० आणि एक १३० असेल तर त्या एकाच्या मागे लागा. १० टक्क्यांपर्यंतचा फरक चालतो, १५ च्या वर गेला की कारण शोधायचं.

निरोगी इंजिन पहिल्याच स्ट्रोकला अंतिम दाबाच्या निम्म्याहून वर जातं. पहिल्याला फारच कमी आणि मग हळूहळू चढत जात असेल तर रिंगांकडे बोट आहे. पहिल्यालाही कमी आणि नंतरही तिथेच अडकलेला असेल तर व्हॉल्व बसत नाही. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम कमी असतील तर त्यांच्यामधलं हेड गॅस्केट उडालेलं असण्याची शक्यता सर्वात जास्त. सगळेच सारखे कमी असतील तर चार सिलिंडरच्या रिंगा एकाच दिवशी गेल्या असं मानण्याआधी टायमिंग, थ्रॉटल, बॅटरी आणि गेज तपासावं.

गेज लावण्याआधी टॅपेट, म्हणजे व्हॉल्व आणि त्याला ढकलणारा भाग यांच्यातली फट, पाहणं केव्हाही चांगलं. टॅपेट घट्ट असेल तर व्हॉल्व पूर्ण टेकत नाही आणि कॉम्प्रेशन जातं. पाच मिनिटांच्या फीलर गेजच्या कामासाठी हेड उतरवलेल्या गाड्या कमी नाहीत. टॅपेट ढिला असेल तर उलट होतं: इनटेक व्हॉल्व लवकर बंद होतो आणि काटा किंचित जास्त दाखवतो. म्हणजे आवाज करणारी गाडी गेजवर छान दिसते.

एक मोठा अपवाद डिकॉम्प्रेसरचा. जुन्या बुलेटला हँडलवर वेगळा लिव्हर असायचा. नंतरच्या ३४६ सीसी इंजिनात आणि इतर अनेक सिंगल सिलिंडरमध्ये कॅमवरच स्वयंचलित डिकॉम्प्रेसर आहे. सेल्फच्या गतीला तो एक्झॉस्ट व्हॉल्व थोडा उचलून धरतो आणि इंजिनाने वेग घेतला की बाजूला होतो. अशा इंजिनात गेज मुळातच कमी दाखवणार. वर काढलेले १४९ पीएसआय तिथे शोधत बसू नये. इथे लीकडाउन चाचणी, म्हणजे बाहेरून हवा सोडून गळती मोजणं (कृती पुढे दिली आहे), हाच भरवशाचा मार्ग.

तेल टाकून करायची चाचणी

दाब कमी आला की प्लगच्या भोकातून थोडं इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजतात. दाब चांगला वाढला तर गळती रिंगांतून, नाही वाढला तर व्हॉल्व किंवा गॅस्केटमधून. तत्त्व बरोबर आहे, पण ‘एक चमचा टाका’ हा सल्ला लहान बाइकवर दिशाभूल करतो. तेल दाबलं जात नाही, ते जागा व्यापतं. ३५० मध्ये ५ मिली तेलाने रेशो ८.५ चा ९.४ होतो. ९७ सीसीत तेच ५ मिली टाकलं तर ९.९ चा थेट १७ च्या पुढे जातो. काटा उसळी मारतो, रिंगांचा काहीही संबंध नसतो आणि मालकाला रिंग किटचा खर्च पडतो. अशा इंजिनात सिरिंजने १ मिली पुरे. त्यातही सिलिंडर आडवा असेल तर तेल खालच्या बाजूला साचतं, वरच्या बाजूची रिंग कोरडीच राहते. तिथे या चाचणीवर अर्धाच भरवसा ठेवावा.

खात्रीसाठी लीकडाउन करा. पिस्टन कॉम्प्रेशन स्ट्रोकच्या वरच्या टोकाला आणायचा, गिअर टाकून मागचा ब्रेक धरायचा किंवा क्रँक पान्याने पकडायचा, आणि प्लगच्या भोकातून १०० पीएसआय हवा सोडायची. पिस्टन जरा इकडेतिकडे असला तर क्रँक झटक्याने फिरतो, पान्यात हात अडकू देऊ नका. गळती १० टक्क्यांच्या आत असेल तर उत्तम, ३० च्या पुढे गेली तर इंजिन उघडावंच लागेल. मग कान लावा. सायलेन्सरमधून फुसफुस येत असेल तर एक्झॉस्ट व्हॉल्व, कार्ब्युरेटरकडून आली तर इनटेक, ऑइलच्या झाकणातून आली तर रिंगा, रेडिएटरमध्ये बुडबुडे दिसले तर गॅस्केट किंवा हेडला तडा. इथे कॅमचा, बॅटरीचा, उंचीचा प्रश्नच येत नाही.

रेशो खरोखर बदलायचा असेल तर

आधी मोजा. हेड उलटं, सपाट ठेवा, व्हॉल्व आणि प्लग बसवलेले असू द्या. कडेला ग्रीसचा पातळ थर लावून भोक पाडलेली ॲक्रिलिकची पट्टी दाबून बसवा आणि मापनळीतून पातळ तेल सोडा. बुडबुडा निघून गेला की वाचलेला आकडा म्हणजे हेडची पोकळी. त्यात गॅस्केटची जागा मिळवा: ७२ मिमी भोक आणि दाबल्यानंतर १ मिमी जाडी असेल तर ४.१ सीसी. पिस्टनचा माथा फुगीर असेल तर तेवढी जागा वजा, खोलगट असेल तर अधिक.

३५० मध्ये ८.५ चा ९.० करायचा तर ४६.२ ऐवजी ४३.३ सीसी हवेत, म्हणजे २.९ सीसी कमी. हेडच्या पोकळीचं तोंड बोअरएवढंच असेल तर लेथवर साधारण ०.७५ मिमी काढावं लागेल. एवढं काढल्यावर व्हॉल्व पिस्टनला भिडत नाही ना, हे पिस्टनवर मऊ माती ठेवून इंजिन हाताने फिरवून तपासायलाच हवं. ओव्हरहेड कॅम असेल तर हेड खाली बसल्याने चेनचा मार्ग आखडतो, कॅम किंचित मागे पडतो, इनटेक उशिरा बंद होतो आणि कमावलेल्या दाबातला थोडा हातचा जातो. पुशरॉडच्या इंजिनात रॉडची लांबी नव्याने जुळवावी लागते. उलट बाजूने, गळती थांबवायला अर्धा मिमी जाड गॅस्केट टाकलं तर रेशो ८.५ चा ८.२ होतो, आणि गाडी ‘आधीसारखी ओढत नाही’.

डिझेलचं गणित

शेतातल्या पंपांवर आणि इंजिनिअरिंग कॉलेजांच्या प्रयोगशाळांत दिसणारं किर्लोस्करचं टीव्ही १ इंजिन घ्या: ८७.५ × ११० मिमी, ६६१ सीसी, रेशो १७.५:१. उरलेली जागा फक्त ४० सीसी. गॅस्केट अर्धा मिमी जाड झालं की ३ सीसी वाढतात आणि रेशो १६.४ वर येतो. म्हणून इथे बंपिंग क्लिअरन्स, म्हणजे पिस्टन पूर्ण वर असताना त्याच्या आणि हेडच्या मधलं अंतर, शिशाच्या तारेने मोजतात: तारेचे तुकडे पिस्टनवर ठेवायचे, हेड ठरलेल्या टॉर्कने आवळायचं, क्रँक हाताने एकदा फिरवायचा आणि चेपलेली तार मायक्रोमीटरने मोजायची.

तरीही सकाळी इंजिन न पेटण्याचं मुख्य कारण बहुधा रेशो नसतो. ३० अंश सेल्सियसची हवा १७.५ रेशोने, घात १.३ धरून दाबली तर सुमारे ४४० अंशांपर्यंत तापते. रेशो १६.४ असेल तर ४२७, म्हणजे फरक फारसा नाही. पण रिंगा गळत असतील, हँडल सावकाश फिरत असेल आणि घात १.२ वर घसरला, तर तीच हवा २६५ च्या आसपास अडकते. तेवढ्यात डिझेल पेटेलच याची खात्री नाही, नुसता पांढरा धूर येतो. म्हणून डिकॉम्प्रेशन लिव्हर उचलून आधी फ्लायव्हील जोरात फिरवून घ्यायचं आणि मगच लिव्हर सोडायचा.

डिझेलचा दाब मोजताना पेट्रोलचा ३०० पीएसआयचा गेज लावू नका, तो फुटतो. ७० बारचा वेगळा गेज आणि इंजेक्टरच्या जागी बसणारा ॲडॉप्टर लागतो. तेल टाकून करायची चाचणी इथे करूच नये. एवढ्या कमी जागेत तेल साचलं तर पिस्टन त्यावर आदळून रॉड वाकतो, आणि नाही आदळला तर तेच तेल पेटून गेज हातातून उडू शकतो.